मी ‘येते’ म्हटलं होतं

आपत्ती आली की टेबलाखाली शिरायचं आणि डोकं हातांनी झाकून घ्यायचं, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. प्रत्यक्षात आपत्ती आली तेव्हा शाळेचं टेबल पाण्यावर तरंगत होतं आणि त्याच्यावर दोन शेळ्या उभ्या होत्या. आता खाली शिरणार कोण?

शिकवणाऱ्यांचाही दोष नाही म्हणा. गुजरातचा भूकंप होऊन फार काळ लोटला नव्हता, आणि आम्हाला शिकवायला आलेले निवृत्त साहेब भूकंपाचीच तयारी करून आले होते. मी हात वर करून विचारलं, “सर, बाढ़ आई तो?” साहेब हसले. मग सगळा हॉल हसला. “सिस्टरजी, जयपूर में?” ते म्हणाले, “पहले नल में तो आने दो!” त्या उन्हाळ्यात आमच्याकडे नळ एक दिवसाआड यायचा, तोही रडत रडत, त्यामुळे मीसुद्धा हसले आणि हात खाली घेतला.

मी तेव्हा जयपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर होते. नवरा रेल्वेत. नागपूरहून त्यांची बदली झाली तेव्हा ‘दोनतीन वर्षांचा तर प्रश्न आहे’ म्हणून आलो आणि आदर्श नगरात भाड्याचं घर घेऊन असे काही रुतलो की आमची मुलगी ‘आई, मतलब, मला भूक लागून राहिली है ना’ असं बोलायला लागली. दवाखान्यात एक दिवस नोटीस लागली: कुठे संकट आलं तर धावून जायला डॉक्टर आणि नर्सेसचं स्वयंसेवक पथक करायचं आहे, इच्छुकांनी नावं द्यावीत. मी दिलं. घरी सांगितलं तर आमचे हे ताटावरून म्हणाले, “कायले नाव देऊन राहिली? घरात आपत्ती कमी आहेत का?”

“घरच्या आपत्तीत जॅकेट नाही मिळत,” मी म्हटलं.

जॅकेटचा मोह होता, खोटं कशाला बोलू! नारिंगी, चमकत्या पट्ट्यांचं. मिळालं तेव्हा कळलं की सगळी एकाच मापाची शिवली होती आणि ते माप कुठल्या तरी सहा फुटी पहिलवानाचं होतं. मला ते गुडघ्यापर्यंत यायचं. पहिल्या दिवशी हौसेने घालून घरी आले तर गल्लीतल्या एका बाईंनी विचारलं, “भैया, सिलिंडर कब आएगा?”

पथकात आमच्याबरोबर दातांचे एक डॉक्टर होते. तरुण, गोरेगोमटे, बिकानेरकडचे. त्यांनी नाव दिलं तेव्हा सगळ्यांनी त्यांची फार थट्टा केली. दातांचा डॉक्टर आपत्तीत करणार काय? मी तर तोंडावर म्हटलं की डॉक्टरसाहेब, भूकंपाला दात नसतात. ते बिचारे नुसते हसले. त्यांचे स्वतःचे दात अगदी जाहिरातीतल्यासारखे होते, त्यामुळे हसणं त्यांना परवडत होतं.

आता पूर यायच्या आधी एक दुसरीच गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘येते’ म्हणायचं. हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही, पण जयपूरला गरज होती आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. नवीन असताना मी शेजारच्या सिंधी काकूंकडे वाटीभर बेसन मागायला गेले. निघताना आईने लावलेलं वळण जिभेवर आलं, त्याचं मी हिंदी केलं आणि म्हटलं, “अच्छा काकी, आती हूँ.” घरी येऊन भजी तळली, खाल्ली, मस्त झोपले. तिकडे काकूंनी ‘ही येते म्हणाली’ म्हणून दार उघडं ठेवलं, दोघींच्या चहाचं आधण ठेवलं, ते आटलं, परत ठेवलं. उघड्या दारातून मांजर शिरलं आणि दूध पिऊन गेलं. संध्याकाळी काकू आमच्या दारात उभ्या! एका हातात रिकामं पातेलं आणि दुसरा हात कमरेवर. “आती हूँ बोल के मर गई थी क्या?”

त्यांची समजूत घालता घालता माझ्या नाकी नऊ आले. तेव्हापासून मी इथल्यासारखं ‘चलती हूँ’ म्हणायला शिकले. आमच्या ह्यांना मात्र जन्माचा विषय मिळाला. मी बाजारात निघाले तरी विचारायचे, “येऊन राहिली का जाऊन राहिली, नक्की सांग. दूध झाकून ठेवतो.”

तर पूर. त्या वर्षी भादव्यात असा काही पाऊस पडला की जयपूरवाले आधी खूष झाले, मग गप्प झाले, मग पलंगावर बसून राहिले. टोंक रोडने चाकसूच्या पुढे आत एका गावाच्या तलावाची पाळ फुटली. रात्रीतून पाणी गावात शिरलं. माणसं वाचली, पण घरं पाण्यात. सगळ्यांना गावच्या टेकाडावरच्या शाळेत नेऊन बसवलं होतं, आणि पाणी शाळेच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं. दोन दिवसांनी आमच्या पथकाला बोलावणं आलं. सकाळी दवाखान्याच्या जीपमध्ये आम्ही नारिंगी माणसं दाटीवाटीने बसलो. पेटीत काय होतं? उष्माघाताची औषधं. राजस्थानात संकट म्हणजे ऊन, हे ठरलेलंच होतं ना! वरून साहेबांनी फ्रॅक्चरला बांधायच्या फळ्या भरभरून दिल्या होत्या.

शाळेजवळ पोचलो तर खालच्या अंगणात ते टेबल. पाण्यावर डुलतंय, पाय दोरीने खांबाला बांधलेला, आणि वर दोन शेळ्या ऐटीत उभ्या.

मी मनाची मोठी तयारी करून गेले होते. रक्त, आरडाओरडा, काय काय बघावं लागेल देव जाणे. पण आमच्यासमोर पहिल्या आजोबांनी येऊन गुडघा पुढे केला. कधीपासून दुखतो? म्हणे, धाकट्याच्या लग्नापासून. धाकट्याचं लग्न कधी झालं? त्याचा मुलगा शेजारीच उभा होता, त्याला मिसरूड फुटलेलं. मग कंबर आली, मग खाज, मग ‘जी घबराता है’. पुराने कुणाला काही झालं नव्हतं असं नाही. कापलेलं, खरचटलेलं, जुलाब, ताप होतेच. पण दवाखाना दारात आलाय तर जुनं साठलेलं सगळं काढून घ्यावं, असा गावाचा सरळ हिशोब होता. मला आधी राग आला आणि मग त्यांचंच पटलं. एरवी त्यांच्याकडे कोण जात होतं?

आणि सगळ्यात लांब रांग कुणासमोर? दातांच्या डॉक्टरांसमोर! अख्ख्या गावाच्या दाढा किडलेल्या. शाळेच्या खुर्चीत एकेकाला बसवून ते दाढ काढत होते आणि बाहेर पोरंसोरं टाळ्या वाजवत होती. आमच्या फळ्या तशाच पडून होत्या. त्यावर बायकांनी पापडासारखे ओले परकर वाळत घातले.

दुपारी एक म्हातारी दिसली. व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसलेली, नजर शेळ्यांवर. शेळ्या तिच्याच. पाणी चढायला लागलं तसं तिने त्यांना स्वतः उचलून टेबलावर ठेवलं होतं, आणि ते करताना पाण्याखालच्या गंजक्या पत्र्यावर पाय पडला होता. फडकं गुंडाळलं होतं. ते मी सोडून बघितलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळंनिळं पडलेलं, आणि त्याला वास. तिला दुखत फारसं नव्हतं, आणि तेच वाईट होतं. शुगर तपासली, ती भरपूर निघाली. तिला शुगर आहे हे तिला माहीतच नव्हतं.

मी सर्जरीच्या वॉर्डातली, असले पाय रोज बघत होते. आज-उद्यात दवाखान्यात नेलं तर बोटांवर निभावेल. आठवडा गेला तर घोट्यापर्यंत जाईल, कदाचित गुडघ्यापर्यंत. आणि ही एकटी राहणारी बाई. पाय गेला तर शेळ्यांमागे कोण फिरणार?

जखम धुऊन पट्टी करेपर्यंत मी तिला रागावत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, कुठली गं तू? म्हटलं, महाराष्ट्र. ती म्हणाली, मग इतक्या लांबून आलीस माझा घाण पाय धुवायला? म्हटलं, नाही हो माँजी, आदर्श नगरातून आले. तिला ते काही पटलं नाही. पट्टी झाल्यावर तिने माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. माझी आई असंच करायची. घरातून निघताना, दारात उभं करून.

आमची जीप तापाच्या पोरांनी भरून परत निघाली होती, तीत आणखी कुणाला पाय लांब करायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी माझी वॉर्डातली ड्युटी होती, आणि माँजीला न्यायला सकाळी गाडी पाठवायची असं ठरलं होतं. मी तिच्यापाशी वाकून म्हटलं, “अच्छा माँजी, आती हूँ.”

बघा! इतकी वर्षं ‘चलती हूँ’ घोकलं, शेजारणीपाशी, भाजीवाल्यापाशी, मोठ्या डॉक्टरांपाशी कधी चुकले नाही. पण समोर आईसारखं कुणी आलं की आईनेच शिकवलेलं तोंडातून निघतं, त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माँजी काही वॉर्डात आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन खणखणला. दातांचे डॉक्टर. रांग संपेना म्हणून ते तिथेच राहिले होते.

“सिस्टर, उस माताजी से आपने क्या वादा किया है?”

“मी? मैंने? कुछ नहीं!”

“कुछ तो किया है.”

मग त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी सकाळी गाडी आली तर माँजी बसेना. सगळ्यांना वाटलं शेळ्यांसाठी अडून बसली आहे. डॉक्टरांनी सरपंचांना मध्ये घालून शेळ्या सांभाळायला माणूस दिला. तरी नाही. मग म्हणाले शेळ्याही जीपमध्ये घ्या. ड्रायव्हर म्हणाला, मी नोकरी सोडतो. इतकं सगळं झाल्यावर माँजी म्हणाली की शेळ्यांचं कुणी काय विचारलं? शेळ्या तर मी जाऊबाईकडे कधीच बांधल्या. मी बाईची वाट बघतेय. ती सांगून गेली आहे, येते म्हणून. पट्टीसुद्धा कुणाला सोडू देईना. दुसऱ्या पथकातली सिस्टर हात लावायला गेली तर तिने खांबाला मिठी मारली. चाकसूच्या शीतला मातेची शपथ घालून झाली, त्यावर ती म्हणाली की त्याच मातेची शपथ, ती बाई येणार आहे.

“पट्टी से बू आ रही है, सिस्टर,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. त्यांना दातांपलीकडे फार कळत नसेल, पण एवढं कळत होतं.

मी फोन ठेवला. एका बाईचा पाय माझ्या एका शब्दावर अडकला होता, आणि शब्द तरी काय, निरोपाचा! मेट्रनकडे जाऊन सुट्टी मागितली. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, व्याकरण. त्यांनी वर बघितलं, माझा चेहरा बघितला आणि सही केली. घरी फोन केला तर आमचे हे आधी खो खो हसले. मग मी हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. “जा,” ते म्हणाले, आणि लगेच दुरुस्त केलं, “म्हणजे, ये.”

टेकाडावर पोचले तेव्हा पाणी ओसरलं होतं. टेबल चिखलात नीट चारी पायांवर उभं होतं. आणि माँजी त्याच खांबापाशी.

“कठै गी छी?” तिने विचारलं. कुठे गेली होतीस?

काय सांगू तुम्हाला, मी इतकी चिडले! भीतीनेच चिडले. तिथेच बसून पट्टी सोडता सोडता तिला नाही नाही ते बोलले. अक्कल आहे का, पाय सडवून घेतलास, डॉक्टर हातापाया पडतायत तर ऐकायला नको? ती आपली शांत. म्हणाली, तू म्हणाली होतीस, आती हूँ.

“अरे माँजी, हमारे में जाते वक्त बोलते हैं आती हूँ! मतलब जाती हूँ!”

तिने विचार केला. “जाते वक्त बोलते हैं आती हूँ?”

“हाँ.”

“तो आते वक्त क्या बोलते हैं?”

दातांचे डॉक्टर हातात पक्कड घेऊन ऐकत उभे होते, खुर्चीतला माणूस तोंड उघडं ठेवून ऐकत होता. मी म्हटलं, आते वक्त कुछ नहीं बोलते, सीधा अंदर आते हैं.

“और ‘जाती हूँ’ कौन बोलता है?”

“कोई नहीं,” मी म्हटलं. “घर में नहीं बोलते. जो लौट के नहीं आने वाला, वो…” आणि थांबले. आईने हे मला लहानपणी सांगितलं होतं. त्यानंतर मोठ्याने मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

माँजीने मान डोलावली. “तो ठीक ही तो बोली थी तू,” ती म्हणाली. “आ तो गई.” आणि उठायला माझ्याकडे हात पुढे केला.

जीपमध्ये ती पुढे ऐटीत बसली. डॉक्टरांना तिने खिडकीतून सांगितलं की तुमचे दात फार छान आहेत, लग्न करा.

दवाखान्यात तिचा मुलगा आला. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात पंख्यांच्या कारखान्यात कामाला होता. अंगावर कामाचेच कपडे, बोटं काळी. त्याने आईला पाहिलं आणि लहान मुलासारखा रडायलाच लागला. त्याला गप्प करण्यात माँजीचा बराच वेळ गेला. सर्जननी पाय बघितला. मला बाजूला घेऊन म्हणाले, बोटं तर जातीलच. आत किती पसरलंय ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही. पाय वाचेल असं वचन मी देत नाही. मुलाने सही केली. माझा हात त्याच्या खांद्यावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. मी वॉर्डातली, थिएटरची नाही, त्यामुळे दारापर्यंतच सोडायला गेले. माँजीला हिरवा गाऊन घातला होता, तोही सहा फुटी माणसाचा. आमच्याकडे सगळं त्याच मापाचं शिवतात. एवढा वेळ बडबड करणाऱ्या बाईने माझं मनगट धरून ठेवलं होतं. आतून हाक आली तसं तिने मनगट सोडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली,

“आऊँ छूँ.”

येते.

तिच्या बोलीत त्याचा अर्थ सरळ होता आणि माझ्या बोलीत तो उलटा होता, आणि मला दोन्ही एकदम ऐकू आले. दार बंद झालं.

मग मी वाट बघत बसले. वॉर्डात काम पडलं होतं, पण पाय निघेना. कुणी तरी ‘येते’ म्हणून गेलं की काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. सिंधी काकूंचं आटलेलं आधण आठवलं, खांबाला धरलेली मिठी आठवली. आमचे हे डबा घेऊन आले. मी तो उघडला नाही. त्यांनीही एक शब्द थट्टेचा काढला नाही, नुसते माँजीच्या मुलाशेजारी बसले आणि त्याला पंख्यांबद्दल विचारत राहिले. कुठला पंखा किती वारा देतो, हे दोघे अगदी मन लावून बोलत होते.

दार उघडलं. स्ट्रेचरच्या आधी आवाज बाहेर आला. कमरेत इंजेक्शन देऊन ऑपरेशन केलं होतं, त्यामुळे बाई पूर्ण जागी. आत फार गार आहे, डॉक्टर लोक काम सोडून गप्पा मारतात, आणि चहा कुणी विचारला नाही. मी चादर वर करून आधी पाय बघितला. पट्टीचा मोठा गोळा होता, पण पाय होता. दोन बोटं गेली, बाकी सगळं जागेवर. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच, सर्जनसमोर, भोकाड पसरलं.

“आ गी,” माँजी म्हणाली. “रो क्यूँ री है? बोली तो थी.”

संध्याकाळी ड्युटी संपवून मी तिच्या खाटेपाशी गेले. दुसऱ्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. मुलीला कपडे घ्यायचे होते, गव्हाचं दळण आणायचं होतं, आणि चार दिवसांची झोप बाकी होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात माँजीने बोट वर केलं.

“देख,” ती म्हणाली, “कल नहीं आना हो तो ‘जाती हूँ’ बोल के जा. नहीं तो मैं बैठी रहूँगी.”

अगदी रास्त बोलली. शब्द तर सोपा होता, इथे सगळे उठता-बसता म्हणतात. मी उशीजवळचं पाणी सरळ केलं, चादर ओढली, उगाच पट्टी बघितली. दोनदा तोंड उघडलं. तिच्याकडे बघून ते निघेना.

“आती हूँ, माँजी,” मी म्हटलं.

दळण राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साधी साडी नेसून वॉर्डात गेले तर ती दाराकडे तोंड करून बसली होती. दवाखान्याचा चहा येऊन गेला होता. तिने आपला कप बशीने झाकून ठेवला होता, अर्धा माझ्यासाठी. गार झाला होता. मी प्यायले.